टेबलाचा खिडकीकडचा भाग

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, गेल्या खेपेला तुम्ही विचारलंत, "एवढा मोठा हॉल घेतलात, बसतं कोण त्यात?" मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

मध्यंतरी एका अभ्यासाबद्दल वाचलं. 2001 ते 2005 या काळात मानववंशशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसमधल्या 32 घरांत जाऊन बसले. सगळीकडे आईबाप दोघंही नोकरी करणारे. दर दहा मिनिटांनी कोण कुठे आहे, काय करतंय, ते टिपायचं. हौसेने राखलेल्या परसात आईबाप फारसे फिरकतच नव्हते. बऱ्याच गॅरेजांत सामान ठासलेलं, गाडी बाहेर. आणि सगळा राबता स्वयंपाकघराभोवती.

म्हटलं, आपणही करून बघू. मंगळवारी संध्याकाळी फोनवर गजर लावला आणि जुन्या वहीत लिहीत गेले. सहा चाळीस: मी ओट्यापाशी, लेक डायनिंग टेबलवर गृहपाठाला, हा मशीनमधून कपडे काढतोय. साडेसात: हा टेबलाच्या टोकाला, ऑफिसचा कॉल. हॉलमध्ये नुसता पंखा फिरतोय. साडेनऊपर्यंत अठरा नोंदी झाल्या. हॉलच्या वाट्याला दोन, त्यातली एक पंखा बंद करायला गेल्याची. सोफ्यावर वाळलेले कपडे बसतात, थेट रविवारपर्यंत.

माझ्या अठरापैकी तेरा ओट्यापाशीच्या. वही याला दाखवली. काही बोलला नाही, पण बुधवारी भांडी त्याने घासली. गुरुवारचं विचारू नका.

मग तुमची आठवण झाली. आलात तेव्हा संध्याकाळभर आतल्या खोलीत बसून असायचात. आई, तू म्हणायचीस, "तुमच्या धावपळीत आमची लुडबूड नको." खोली ऐसपैस आहे, बाथरूम लागून आहे, म्हणून मी आपली खूश. पण संध्याकाळी तिकडे माझं पाऊल वळलं असेल तर ते गोळी घेतलीत का विचारायला, तेही दारातूनच.

टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग रिकामा केलाय. बिलं, चार्जर, तुटकी खेळणी सगळं हलवलं. बाबा, हाताची खुर्ची तिथे आणून ठेवलीय, म्हणजे उठताना गुडघ्यांना त्रास नको. वाचायला दिवाही लावलाय. फक्त साडेसातला लॅपटॉप येतो, तेव्हा जरा सरकून घ्या.

तिकिटं काढलीत की कळवा.

तुमची,
ताई