आफ्रिकेच्या माणसाकडे दयेने पाहणे थांबवू या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात आफ्रिकेची बातमी येते ती बहुतेक वेळा दुष्काळाची, यादवीची नाहीतर साथीच्या रोगाची. या बातम्या खऱ्याच असतात, त्या छापू नका असे मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षे तेवढेच वाचून तिथला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हात पसरलेलाच. आमच्या ख्रिस्ती मंडळींतही वेगळे काही नाही. आफ्रिका म्हटले की मदतनिधीची पेटी आणि ‘त्या बिचाऱ्यांसाठी’ प्रार्थना. 2020 च्या जानेवारीत, टिग्रे या उत्तरेकडच्या प्रांतातले युद्ध पेटण्याच्या काही महिने आधी, मी इथिओपियाला जाऊन आले. तिथे भेटलेल्या माणसांबद्दल लिहायचे कधीपासून मनात होते.

आधी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या शाळांत कुणी शिकवत नाही. इथिओपियात ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला तो चौथ्या शतकात, अक्सूम या तिथल्या जुन्या राज्याच्या एझाना राजाच्या काळात. त्या वेळी नॉर्वे-स्वीडनला ख्रिस्ताचे नाव पोचायला अजून जवळपास पाचशे वर्षे अवकाश होता. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला ‘तुमचा गोऱ्यांचा धर्म’ हे वाक्य जन्मभर ऐकावे लागते. मीही ऐकले आहे, अगदी शिक्षकांच्या खोलीत बसून. लालिबेला या तिथल्या तीर्थाच्या गावी देवळात (चर्च म्हणा, पण चपला बाहेर काढून आत जायचे, उंबऱ्याला ओठ लावायचे, बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे उभे, त्यामुळे मला तर देऊळच म्हणावेसे वाटते) उभी राहिले तेव्हा त्या वाक्याचे ओझे पार उतरले.

लालिबेलाला एकंदर 11 चर्च आहेत आणि सगळी कातळात कोरलेली. त्यातले सेंट जॉर्जचे चर्च वरून खाली खोदत नेले आहे, वेरूळच्या कैलास लेण्यासारखेच. आपल्याकडच्या माणसाला ते कसे घडवले असेल हे समजावून सांगावे लागत नाही, नुसते काठावर उभे राहून खाली पाहिले की कळते. पण वेरूळला आपण तिकीट काढून जातो. इथे मात्र आठशे वर्षे पूजा थांबलेली नाही.

त्यांचा नाताळ 7 जानेवारीला असतो, त्याला गेन्ना म्हणतात. आदल्या दिवसापर्यंत डोंगराडोंगरांतून माणसे चालत येत होती, पुष्कळशी अनवाणी, अंगावर नेतेला म्हणजे पांढरी सुती शाल. कातळाच्या एका कडेला एक म्हातारी टेकली होती. टाचांना इतक्या खोल भेगा होत्या की बोटाचे पेर आत जावे. किती दिवस चालत आलात, असे मी वाटाड्याकरवी विचारले. तिने चार बोटे दाखवली आणि लगेच मला उलट विचारले, ‘तुमच्या देशात ख्रिस्ती आहेत का? उपास करतात का?’ मी हो म्हटले. तिने पदराच्या गाठीतले भाजलेले जव काढून माझ्या ओंजळीत ओतले. गाठ जवळजवळ रिकामी झाली, तरी तिने झटकून उरलेलेही दिले. तिला परतीच्या वाटेवर तेच खायचे होते. मी थोडे परत द्यायला गेले तर तिने माझी मूठ मिटवली आणि वर आपला हात ठेवला.

उपासाबद्दल थोडे सांगायला हवे. बुधवार-शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे 55 दिवस, नाताळाआधीचे दिवस असे सगळे धरले तर वर्षातले जवळपास निम्मे दिवस ही माणसे मांस, दूध, अंडी यांना शिवत नाहीत आणि दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत असे पुष्कळ आहेत. हे करणारी माणसे काही मठातली नव्हेत. हॉटेलात भांडी घासणारा मुलगा, बँकेतली कारकून, गाडीचा चालक. त्याचा गवगवा कुणी करत नव्हते. आमचा चालक दिवसभर उपाशी गाडी चालवत होता, हे आम्हाला संध्याकाळी कळले.

अदिस अबाबाला एका निवृत्त सरकारी नोकराच्या घरी कॉफीला बोलावले होते. तिथे कॉफी म्हणजे दीड-दोन तासांचे काम. जमिनीवर हिरवे गवत पसरले होते. घरातल्या सुनेने हिरव्या बिया धुतल्या, निखाऱ्यावर परतल्या आणि तो धूर वास घेण्यासाठी एकेकासमोर नेला. मग खलबत्त्यात कुटून जेबेना या मातीच्या सुरईत उकळल्या. सोबत लाह्या. तीन वेळा कॉफी होते आणि तिसरी घेतल्याशिवाय उठणे बरे दिसत नाही. शेजारचे मुस्लिम जोडपे रोजच्याप्रमाणे येऊन बसले होते. सन 615 च्या सुमारास मक्केतून छळामुळे पळालेल्या पहिल्या मुस्लिमांना अक्सूमच्या ख्रिस्ती राजाने आसरा दिला, ही हकिगत त्या शेजाऱ्याने मला सांगितली, तीही घरच्या माणसाची गोष्ट सांगावी तशा आपलेपणाने. यजमान म्हणाले, ‘मला गणित भारतीय मास्तरांनी शिकवले.’ सम्राट हैले सेलासी यांच्या काळात आपल्याकडचे, विशेषतः केरळचे, पुष्कळ शिक्षक तिथल्या शाळांत होते. साठ वर्षांनंतरही तो माणूस आपल्या मास्तरांचे नाव आदराने घेत होता. जेवताना त्यांच्या पत्नीने इंजेराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पोळीचा, घास करून स्वतःच्या हाताने मला भरवला. पाहुण्याला असा घास भरवायची तिथे रीत आहे.

रविवारी मेकाने येसूस या लुथरन (प्रॉटेस्टंट) मंडळीच्या उपासनेला गेले. या मंडळीचे सरचिटणीस गुदिना तुम्सा यांना 1979 मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने ठार मारले. देश सोडून जायची संधी असताना ते आपली माणसे टाकून गेले नाहीत. आज ही मंडळी जगातल्या सर्वांत मोठ्या लुथरन मंडळींपैकी एक आहे. अशा लोकांना आपण काय शिकवायला निघालो आहोत?

गरिबी मी पाहिली नाही असे नाही. चर्चच्या पायऱ्यांवर भिकारी होते, शाळेच्या वयाची पोरे बूट पुसत होती. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात युद्ध सुरू झाले, ते दोन वर्षे चालले. लालिबेलाही त्यातून सुटले नाही. जव देणाऱ्या त्या म्हातारीचे काय झाले असेल, हे मला कुणाला विचारताही येत नाही. ज्या राजाने मुस्लिमांना आसरा दिला त्याच्या आठवणीतली नेगाशची मशीदही त्या युद्धात तोफांनी फोडली. इतक्या मोठ्या संहाराच्या बातम्या आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळींत आटोपल्या, हे मात्र मला फार लागले.

आता माझे खरे गाऱ्हाणे. पुण्यात आफ्रिकी देशांतले किती तरी विद्यार्थी शिकतात. त्यांना भाड्याने खोली मिळताना काय होते, रिक्षात आणि रस्त्यावर त्यांना कोणत्या नावांनी हाक मारतात, ते आपण सगळे जाणतो. मी राहते त्या मराठवाड्याचे तर इथिओपियाशी जुने नाते आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला तिथला एक मुलगा पुढे मलिक अंबर झाला. त्याने 1610 मध्ये खडकी शहर (आजचे छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद) वसवले, नहरीने त्याला पाणी दिले आणि मुघलांना दख्खनमध्ये आयुष्यभर झुंजवले. मालोजी आणि शहाजीराजे ज्या निजामशाहीत वाढले तिचा तो आधार होता. त्याच्या मुलखातल्या पोराला घर नाकारताना घरमालकाला काहीच वाटू नये?

माझी विनंती दोन जणांना आहे. आपल्या दैनिकाने या विद्यार्थ्यांना बोलते करावे, त्यांच्या घरच्या सणांवर, शाळांवर, शेतीवर त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे. आणि पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळींनी, ज्यांत माझे नातेवाईकही आहेत, येत्या 7 जानेवारीला शहरातल्या इथिओपियन मुलामुलींना जेवायला बोलवावे. आदल्या दिवसापर्यंत त्यांचा उपास असतो, तेव्हा सणाला मटण करायला हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जालना