एकट्या बाईला मूल नाकारू नका

‘दत्तक कोण घेऊ शकते?’ हा आपल्या अंकातील लेख वाचला. एकल महिलांचा विषय त्यात एका ओळीत संपला, याची खंत वाटली.

आमच्या शेजारची विधवा अंगणवाडी सेविका उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड पिशवीत घेऊन एका कार्यालयात गेली. “नवऱ्याची सही कुठंय?” असे विचारून तिला परत पाठवले. वास्तविक २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्री मुलगा वा मुलगी दत्तक घेऊ शकते. (एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही.) दोन वर्षांच्या स्थिर संसाराची अट जोडप्यांसाठी आहे. शिवाय एकल पालकाची चाळिशी उलटली की दोन वर्षांपर्यंतचे बाळ मिळत नाही. ही बाई एकोणचाळीस वर्षांची आहे. मराठवाड्यातील प्रत्येक तहसील कार्यालयात हे नियम ठळक मराठीत लावावेत.

— एक शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)