वहिनींचा रिपोर्ट आधी वाचला

सातारा
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

दोघांचे रिपोर्ट मिळाले. तुझ्या कागदावर लाल पेनने तीन प्रश्न, आणि वहिनींच्या कागदावर नुसतं "हिचं बरं आहे, गोळी चालू आहे". म्हणून वहिनींचाच कागद आधी वाचला. शुगर दोघांनाही आहे, पण आधी बोलायला हवं ते त्यांच्याबद्दल.

मधुमेह नसेल तर हृदयविकार बायकांना पुरुषांपेक्षा सात-दहा वर्षं उशिरा गाठतो. शुगर झाली की ही सवलत बरीचशी निघून जाते. 2014 साली 64 अभ्यासांतली साडेआठ लाखांवर माणसं एकत्र धरून हिशेब मांडला गेला. मधुमेहामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका पुरुषांत साधारण 2.2 पट होतो, बायकांत 2.8 पट. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला 1948 पासून जी पाहणी चालू आहे, तिच्यात हृदय कमजोर पडण्याचा, म्हणजे हार्ट फेल्युअरचा धोका मधुमेही पुरुषांत दुपटीहून थोडा जास्त निघाला होता आणि बायकांत पाचपट.

हे "पट" नीट समजून घे, नाहीतर उद्या तू मिठाईचा पुडा उघडशील. तुलना मधुमेह नसलेल्या बाईशी आहे, तुझ्याशी नाही. पुरुष म्हणून तुझा धोका मुळातच वरचा होता, तो आणखी वर गेला. वहिनींचा खाली होता, तो उडी मारून तुझ्या जवळपास आला. पण घरात आणि दवाखान्यातही त्यांना अजून जुन्याच हिशेबाने वागवलं जातं. तुझा ईसीजी दरवर्षी निघतो, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. त्यांना सहा वर्षांत मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीशिवाय काही नाही. असं फक्त तुमच्याच घरात होत नाही, मधुमेही बायकांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, कमी दिलं जातं हे बऱ्याच देशांत दिसलंय.

असं का होतं, याचं मला सगळ्यात पटणारं कारण चरबीचं आहे. पुरुषाची चरबी लवकर पोटात आणि यकृतात जाते, त्यामुळे थोडं वजन वाढलं तरी शुगर रिपोर्टात उमटते. बाईची आधी मांड्या-नितंबांवर साठते आणि तिथे ती फारशी त्रास देत नाही. शुगर व्हायला तिला जास्त वजन आणि जास्त वर्षं लागतात, आणि तेवढ्या वर्षांत बीपी, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, चांगलं कोलेस्टेरॉल सगळं हळूहळू बिघडत गेलेलं असतं. निदान होतं त्या दिवशी तिच्या रक्तवाहिन्या पुरुषापेक्षा जास्त खराब वाट चालून आलेल्या असतात.

आता कागद. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, 7.4, बीपी 146/88, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 128, हिमोग्लोबिन 9.1. तू पहिल्यावरच थांबलास, मी शेवटच्यावर थांबलो. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटं वर जातं. रक्तस्राव जास्त होत असेल किंवा नुकतं रक्त चढवलं असेल तर खोटं खाली येतं. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना पंडुरोग आहे, आणि तरी त्यांचा एचबीएवनसी आपण डोळे झाकून वाचतो. फेरीटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या. तोवर ग्लुकोमीटरवर आठवडाभर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहा, तो आकडा जास्त खरा. आणि जिना चढताना लागणारा दम सगळा "रक्त कमी आहे" या खात्यावर टाकू नका. पायावर सूज असेल, उशी उंच घ्यावी लागत असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवा. इकोमध्ये "ईएफ 60 टक्के", म्हणजे हृदय रक्त नीट बाहेर ढकलतंय, असं लिहून आलं की लोक निर्धास्त होतात. मधुमेही बायकांत हृदय आकुंचन चांगलं पावतं पण सैल नीट होत नाही, असा प्रकार बराच दिसतो. तेव्हा डायस्टोलिक फंक्शनची, म्हणजे हृदय सैल होण्याची, ओळ वाचायला सांग आणि शंका राहिली तर एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी.

बीपी 130/80 च्या खाली आणि एलडीएल 70 च्या खाली हवं. 128 वर "बरं आहे" कसं लिहिलंस?

लघवीतून प्रथिन जातं का ते दाखवणारी अल्ब्युमिन-क्रिएटिनिनची तपासणी कागदावर नाहीच. मूत्रपिंडाइतकीच ती हृदयाचीही खबर देते. 30 च्या खाली ठीक. लघवीला जळजळ असेल, ताप असेल, पाळी चालू असेल तेव्हा करू नका, आकडा फुगून येतो. वाढलेला आला तर तीन-सहा महिन्यांत आणखी दोनदा करायचा. तीनपैकी दोनदा जास्त आला तर खरा धरायचा. कंबर शिंप्याच्या टेपने मोजा, शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. साडीच्या गाठीवर नाही, आणि तुझ्या बाबतीत पँटच्या पट्ट्यावर तर नाहीच. त्यांची 80 सेंटिमीटर, तुझी 90, ही आपल्या लोकांची मर्यादा.

वहिनींना एक विचार, धाकटीच्या वेळी शुगर किंवा बीपी वाढलं होतं का? बाळंतपणानंतर शुगर उतरते आणि सगळे विसरतात, पण पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट राहतो. तुझ्या सुनेलाही हे लागू आहे. तिची आत्ता वाढलीय म्हणतोस, तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची. बारसं, पाहुणे, रात्रीची जागरणं यात ती हटकून राहते. बाळाचा दीड महिन्याचा डोस त्याच सुमारास असतो, त्याच दिवशी आईला उपाशीपोटी घेऊन जा.

आता ज्याची मला खरी धास्ती आहे ते. छातीत दुखणं हे बायकांतही हृदयविकाराच्या झटक्याचं सगळ्यात नेहमीचं लक्षण आहे. पण त्याच्याबरोबर, आणि कधी त्याच्याशिवाय, दम, मळमळ, गार घाम, जबडा किंवा पाठ भरून येणं, गळून जाणं हे त्यांच्यात जास्त. त्यात मधुमेहाने नसा बोथट झाल्या की दुखणंच कमी जाणवतं. मग रात्री दोनला बाई उठते, "वांगं बाधलं, पित्त झालंय" म्हणते, सोडा घेते आणि कुणाची झोप मोडायला नको म्हणून ओट्यापाशी बसून राहते. तुमच्याकडे असं झालं तर आधी ग्लुकोमीटर लाव, कारण शुगर उतरली तरी असाच घाम येतो. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून. शुगर ठीक असेल आणि त्रास पंधरा मिनिटांत ओसरला नाही, किंवा दम आणि घाम दोन्ही असतील तर थेट 108. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नकोस. अ‍ॅस्पिरिन 300 मिलिग्रॅम चावून द्यायची, पण अ‍ॅलर्जी, अल्सरचा रक्तस्राव किंवा बोलण्या-चालण्यात वाकडेपणा असेल तर नाही. मिरजेची मोठी इस्पितळं तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे पोचायला उशीर होत नाही. उशीर घर सोडायला होतो.

दवाखान्यात पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या आणि काही तासांनी पुन्हा करा. या तपासणीची धोक्याची रेषा बायकांसाठी खाली असते. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-आयच्या एका प्रचलित तपासणीत पुरुषांची 34, बायकांची 16. एकच रेषा लावली की 25 आलेली बाई "पित्ताची गोळी" घेऊन घरी जाते.

औषधांचं. त्यांच्या गोळीच्या पट्टीमागे बारीक अक्षरात मेटफॉर्मिनच्या पुढे पायोग्लिटाझोन हे शुगरचं दुसरं औषध लिहिलंय का बघ. ती गोळी स्वस्त आहे, शुगर उतरवते, पण अंगात पाणी धरते आणि बायकांची हाडं ठिसूळ करते. पाय सुजत असतील तर डॉक्टरांना विचारून बदला. त्याऐवजी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनबद्दल विचारा, हृदय आणि मूत्रपिंड दोन्हीला आधार आहे. पण लघवीतून साखर जाते, त्यामुळे बायकांना खाज-बुरशीचा त्रास पुरुषांपेक्षा बराच जास्त होतो. लाजेने त्या सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, आणि खाज सुटली तर मलम मिळतं हे आधीच सांगून ठेव. कडक उपास, उलट्या-जुलाब असतील त्या दिवशी ही गोळी बंद. ऑपरेशन ठरलं तर तीन दिवस आधी. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि वर ही गोळी, असं अजिबात नको.

तुझ्याबद्दल आता थोडक्यात, कारण तुझं निम्मं काम झालेलं आहे. एक गोष्ट तू लिहिली नाहीस, मीच विचारतो. अंथरुणात अडचण येत असेल तर ती वयाची समजून गप्प बसू नकोस. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून पुरुषात पुष्कळदा पहिली घंटा तिथे वाजते, हृदयाच्या दोन-चार वर्षं आधी. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नकोस. त्यासाठीच्या सिल्डेनाफिल गोळीनंतर 24 तास, टॅडालाफिलनंतर 48 तास छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट चालत नाही, बीपी धाडकन उतरतं. खिशात सॉर्बिट्रेट ठेवतोस म्हणून सांगतोय.

तंबाखू तू सोडलास, छान. वहिनींची सकाळची मशेरी मात्र कुणी व्यसनात धरत नाही. निकोटिन तेच, नाडी आणि बीपी तसंच वाढवतं.

तू रोज आयर्विन पुलापर्यंत चालून येतोस, आणि त्या वेळी त्या डबे करत असतात. "घरकामात व्यायाम होतोच की" हे वाक्य माझ्यापुढे नको. दम लागेल पण बोलता येईल अशा चालीने आठवड्याला दीडशे मिनिटं, ती घरकामात होत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस डबे तू कर. भाकरी तुझ्या हातची थोडी जाड होईल, होऊ दे.

लघवीचा आणि फेरीटिनचा कागद आला की पाठव. या वेळी लाल पेन त्यांच्या कागदावर.

तुझा,
अविनाश