दूध फरकातील कपात कोणाच्या नावावर?

संपादक महोदय,

दिवाळीच्या तोंडावर दूध संस्थांच्या फलकावर फरकाचे, म्हणजे वर्षाअखेरीस उत्पादकाला दुधामागे मिळणाऱ्या जादा रकमेचे, आकडे लागतात आणि त्याखाली त्यातून कापून ठेवलेल्या रकमेची, म्हणजे कपातीची, ओळही. वाद होतो तो 'किती कापले' यावर. कापलेली रक्कम कुठे गेली, हे फारसे कोणी विचारत नाही.

फरक म्हणजे संचालकांनी खूश होऊन दिलेला बोनस नव्हे. वर्षभराचा व्यवहार व खर्च भागवून उरलेल्या रकमेतला तो उत्पादकाचाच वाटा. भांडवलाला मर्यादित मोबदला आणि उरलेले व्यवहाराच्या प्रमाणात परत, ही रीत इंग्लंडमधील रॉचडेल गावातल्या १८४४ च्या सहकारी दुकानापासूनची. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे १,००० रुपयांच्या शेअर्सवर फार तर १५० रुपये. पण ३,००० लिटर दूध घातले आणि फरक लिटरला २ रुपये असला, तर ६,००० रुपये. शेअर्स घेऊन डेअरीला थेंबही न घालणारा १५० वरच थांबतो, आणि ते योग्यच आहे.

संस्थेच्या वाढीसाठी यातून काही रक्कम ठेवणे सहकाराच्या तत्त्वांत बसते. मात्र तो निर्णय सभासदांचा, आणि तोही विषयपत्रिकेवर आधी छापून. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात उरकलेला नव्हे. ठरावात कपातीचा दर, व्याज, परतीचे वर्ष आणि जनावरे विकून दूध बंद केल्यास रक्कम कधी मिळेल, हे लिहिलेले हवे. शेअर, ठेव किंवा डिबेंचर (कर्जरोखा) म्हणून जमा झालेली रक्कम सभासदाची राहते. राखीव निधीत गेलेली परत येत नाही. नेमका हाच खुलासा अहवालात सापडत नाही.

कपात गावोगावच्या संस्थांचे दूध घेणाऱ्या जिल्हा दूध संघाची असेल तर गुंता वाढतो. संघाची सभासद गावची संस्था असते, उत्पादक नव्हे. त्यामुळे डिबेंचर संस्थेच्या नावे निघते, संघाच्या सभेत हात वर करतो तो संस्थेचा प्रतिनिधी, आणि पैसा मात्र गोठ्यातून गेलेला असतो. अशा वेळी संस्थेने प्रत्येक उत्पादकाच्या नावे वेगळी खतावणी ठेवावी, कपात त्याच्या पासबुकात नोंदवावी आणि संघाकडून येणारे व्याज त्याच प्रमाणात वाटावे. सभासदांनीही दहा दिवसांच्या बिलांवरील लिटर, गाय आणि म्हैस वेगवेगळे, बेरीज करून फरक पत्रकाशी ताडून पाहावेत. आकडा जुळला नाही तर सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

— एक दूध उत्पादक सभासद, कोल्हापूर जिल्हा