फरशी पाहिली, मिस्त्री पाहिला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घराच्या नूतनीकरणावर पानभर मजकूर होता. फरश्यांचे रंग, चकाकी, संगमरवरासारखी दिसणारी डिझाइन्स, सगळं होतं. ती फरशी बसवायची कुणी आणि त्या माणसाला विचारायचं काय, यावर मात्र एक ओळ नव्हती. मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, बांधकामाशी माझा संबंध नाही. पण याच कामात यंदा हात पोळून घेतलेत, म्हणून लिहितो.

साताऱ्यातला आमचा फ्लॅट १९९४चा, खाली मोझॅक. मुलगा म्हणाला, बदलू. तीन आठवडे दुकानं पालथी घातली. सौ.नी प्रत्येक नमुन्यावर ओला पाय ठेवून पाहिला. मिस्त्री मात्र दोन फोनांत ठरला. बसवायची मजुरी एकानं चौरस फुटाला ४५ रुपये सांगितली, दुसऱ्यानं २८. आम्ही २८ वाला घेतला, त्याचं आधीचं एकही काम न बघता.

पहिला घोळ बॉक्सचा. आम्ही दोन बाय चार फुटांची व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली फरशी घेतली. एका बॉक्समध्ये दोन नग, म्हणजे १६ चौरस फूट, असं दुकानात सांगतात. प्रत्यक्षात ती ६०० बाय १२०० मिलिमीटर असते आणि दोन नगांचे भरतात साडेपंधरा चौरस फूट. आमची जमीन ५४० फूट, दहा टक्के तूट धरून ५९४. दुकानदारानं १६ नं भागून ३७ बॉक्स दिले. खरे आले ५७३ फूट. आयुष्यभर रोज रात्री वेबिलाचा, म्हणजे तिकिटांच्या नोंदीच्या कागदाचा, हिशेब पैशापैशाला जुळवला आणि इथं २० फूट कमी पडल्याचं शेवटच्या खोलीत कळलं! मग दोन बॉक्स नंतर आणले. नाव तेच, डिझाइन तेच, बॅच वेगळा. दिवसा दिसत नाही, पण संध्याकाळी ट्यूब लावली की खिडकीजवळच्या चार फरश्या पिवळट दिसतात. बॉक्सवर बॅच आणि शेडचा नंबर छापलेला असतो. तो सगळ्या बॉक्सवर एकच आहे ना, हे टेम्पोतून माल उतरतानाच बघायचं असतं, हे मला कोण सांगणार?

दुसरा प्रकार जास्त महाग पडला. काम होऊन दोन महिने झाले असतील. गॅसवाल्यानं सिलिंडर स्वयंपाकघरात टेकवला आणि फरशीचा कोपरा खाडकन तुटला. मी खिशातला रुपया काढून शेजारच्या फरश्या वाजवल्या. भरीव फरशीचा आवाज ठक् येतो, पोकळ फरशीचा डबा वाजवल्यासारखा. ओट्यापुढे अकरा फरश्या पोकळ निघाल्या. तुटलेली उचलली तर खाली सिमेंटचे पाच गोळे, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. फरशीची पाठ कोरडी ठणठणीत, त्यावरचं कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. पहिला मिस्त्री फोन उचलेना. सगळे पैसे त्याला आधीच देऊन बसलो होतो, तो कशाला उचलेल?

शेवटी ४५ वाल्यालाच बोलावलं. मूळचा राजस्थानचा, पंधरा वर्षं साताऱ्यात, मराठी आपल्यासारखी. तो म्हणाला, ‘‘काका, जुनी मोझॅक पाणी पीत होती, सिमेंट धरत होती. ही पाणी पीतच नाही, नुसतं सिमेंट हिला धरेल कसं?’’ व्हिट्रिफाइड फरशी पाणी शोषते ते अर्ध्या टक्क्याच्या आतच. तिला अॅडेसिव्ह, म्हणजे फरशी चिकटवायचा गोणीतला तयार मसाला लागतो, आणि गोणीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा नंबर बघून घ्यायचा. त्यानं आधी प्रत्येक फरशीच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या स्पंजानं पुसली. दातेरी थापीनं मसाला एकाच दिशेनं ओढला. पहिली फरशी बसवली, रबरी हातोड्यानं ठोकली आणि लगेच उपसून मला पाठ दाखवली. कडेपासून कडेपर्यंत मसाला लागला होता. ‘‘आता बसवू?’’ असं विचारून मग पुढं गेला.

बाथरूमही त्यानंच पुन्हा केलं. आधीच्यानं तिथंही मोठी फरशी घातली होती. मोठी फरशी चारी बाजूंनी जाळीकडे उतरवता येत नाही, त्यामुळे कमोडमागं पाणी साचायचं. यानं एक फुटी खरखरीत फरशी घेऊन पाच फुटांत इंचभर ढाळ दिला. त्याआधी, वॉटरप्रूफिंग झाल्यावर, जाळी बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी रोज सकाळी छत बघून हाक द्यायच्या, ‘‘कोरडं आहे हो!’’

जुन्या फरशीवरच नवी बसवली की जमीन पाऊण इंच वर येते, तिन्ही दारं सुताराकडून तासून घ्यावी लागली. स्कर्टिंगचे, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीचे, पैसे चौरस फुटात नाहीत, रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर निघाले. राडारोडा खाली कोण नेणार, यावर हमालाशी वेगळं भांडण झालं. यातलं काहीही आधी कागदावर नव्हतं. दुसऱ्या वेळी वहीच्या पानावर सगळं लिहिलं, खाली दोघांनी सह्या केल्या. शेवटचे दहा टक्के रुपया वाजवून आणि बाथरूममध्ये बादली ओतून बघितल्यावर दिले. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र मला लागून राहिली. पहिल्या मिस्त्रीबरोबर सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता. गॅलरीत कोरडाच कटर चालवायचा, तोंडाला रुमाल. धूळ आमच्या कपाटातल्या साड्यांपर्यंत गेली, म्हणजे त्याच्या छातीत किती गेली असेल? त्या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज असतं, त्यानं फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. दुसरा मिस्त्री पाणी सोडून कापत होता आणि मास्क लावत होता. २८ आणि ४५ मधला फरक कुठं जातो, ते मला तिथं दिसलं. फुटाचा भाव पाडून मागणारे आम्हीच होतो, हेही लिहिलं पाहिजे.

पुरवणीत पुढच्या वेळी एखाद्या मिस्त्रीलाच बोलतं करा, ही विनंती. आमच्याकडे तीन फरश्या उरल्यात, त्या पलंगाखाली ठेवल्या आहेत. बॅच नंबरचा पुठ्ठा कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. सौ. म्हणतात, तुम्ही तिकिटांचे नंबर लिहायची सवय काही सोडणार नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, सातारा