पार्किंग विचारता, मग कन्व्हेयन्स का नाही विचारत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरबरोबर घरांची पुरवणी येते ती मी नेमाने वाचतो. क्लब हाऊस, स्विमिंग पूल, निसर्गाच्या कुशीत वगैरे सगळं असतं, पण जुन्या बिल्डिंगमधला रिसेल फ्लॅट घेणाऱ्याने काय कागद बघायचे ते कधी येत नाही, आणि पुण्यात नोकरदार माणसाच्या बजेटमध्ये बसला तर तोच बसतो. म्हणून हे पत्र.

मी सिंहगड रोडवरच्या एका जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. फ्लॅट बघायला आलेली मंडळी जाता जाता माझ्याकडे डोकावतात आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात, पाणी किती वेळ येतं, पार्किंग कव्हर्ड आहे का ओपन, मेंटेनन्स किती, कुत्रा चालतो का. परवा एका जोडप्याने तर बाथरूमच्या टाइल्स बोटाने वाजवून बघितल्या. बघा ना, जरूर बघा, पण सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, हे विचारणारं क्वचितच कोणी भेटतं, आणि एजंट तर तो शब्द तोंडातून काढत नाही.

लोकांना वाटतं ॲग्रीमेंट रजिस्टर झालं, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा हातात आला, कॉर्पोरेशनच्या टॅक्स बिलावर आणि लाइट बिलावर नाव लागलं की संपलं. टॅक्स बिल आणि लाइट बिल हा मालकीचा पुरावाच नाही, ते पहिलं डोक्यातून काढा. रजिस्टर ॲग्रीमेंटने फ्लॅट तुमचा होतो हे खरं, पण बिल्डिंगखालची जमीन सोसायटीच्या नावावर वेगळ्या दस्ताने करून घ्यावी लागते, तेच कन्व्हेयन्स. 1963 च्या मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीच्या कायद्याप्रमाणे सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने ते करून द्यायचं असतं. चार महिने! इथे बिल्डिंगला तडे गेले, लिफ्ट बदलली, बिल्डरचा मुलगा बिल्डर झाला, तरी कन्व्हेयन्स नाही. कारण साधं आहे, जमीन नावावर ठेवली की उद्या वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, आला तर त्यावर हक्क सांगायला मोकळे.

खात्री करायची तर सर्व्हे नंबर घ्या आणि सातबारा ऑनलाइन काढा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढा, शहरी जमिनीचा सातबाराच तो. त्यावर सोसायटीचं नाव दिसलं तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी दिसतो तो मूळ शेतकरी मालक, तो वारलेला, मग वारस नोंद लागून त्याच्या जागी मुलगे, मुली, सुना, पुढे नातवंडं, एकाखाली एक नावं. दर पिढीला सह्या करणारे वाढतात, त्यातला एक नाशिकला, एक कॅनडात आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली की ही सगळी मंडळी अचानक जागी होतात. हा त्रास तुमच्या नवीन फ्लॅटबरोबर तुम्हाला फुकट मिळतो.

यावर उपाय आहे, डीम्ड कन्व्हेयन्स. 2008 साली मोफात दुरुस्ती झाली, तेव्हापासून बिल्डर किंवा जमीनमालक सही करत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. ते दोन्ही बाजू ऐकून ऑर्डर आणि सर्टिफिकेट देतात, बिल्डरच्या सहीवाचून अडत नाही. पण इथेच बऱ्याच कमिट्या गडबड करतात, ऑर्डर मिळाली की पेढे वाटतात आणि ती कपाटात ठेवतात. ऑर्डर म्हणजे कन्व्हेयन्स नव्हे. पुढे दस्त मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे ॲडज्युडिकेशनला, म्हणजे स्टॅम्प ड्युटी किती ते ठरवून घ्यायला, द्यायचा, मग सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करायचा, मग सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर सोसायटीचं नाव चढवून घ्यायचं. म्हणून सेक्रेटरी "आमचं डीम्ड झालंय" म्हणाला तर उताऱ्याची कॉपी मागा, मी सुद्धा सेक्रेटरीच आहे म्हणून सांगतो.

ॲडज्युडिकेशनला प्रत्येक फ्लॅटची ॲग्रीमेंट लागतात, त्यावर स्टॅम्प ड्युटी भरलेली असेल तर ती वजा धरतात. आणि मग कळतं की पहिल्या मालकाने ॲग्रीमेंट केलं पण ड्युटी कमी भरली, किंवा दुसऱ्याने विकताना मूळ कागद दिलाच नाही. थकलेल्या ड्युटीवर महिन्याला दोन टक्के दंड लागतो, चौपटीपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा शेवटच्या ॲग्रीमेंटवर भागवू नका, बिल्डरपासून तुमच्या विकणाऱ्यापर्यंतची सगळी ॲग्रीमेंट, पावत्या आणि इंडेक्स टू मागा. एखादं हरवलं असेल तर टोकन द्यायच्या आधी त्याला पोलिसात तक्रार, जाहीर नोटीस आणि सब-रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी हे करायला लावा, पैसे गेल्यावर तो कशाला हलेल.

पुण्यात अजून एक विचारायला हवं, सोसायटी आहे का अपार्टमेंट? 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे बिल्डिंग त्या कायद्याखाली आणल्याचा दस्त, असतं आणि फ्लॅटवाल्याच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट, त्यात जमिनीचा अविभाज्य हिस्सा टक्क्यात लिहिलेला असतो. बाहेर गेटवर मात्र दोन्हीकडे "सोसायटी"च म्हणतात.

खर्चाचं थोडक्यात. पुणे शहरात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तर राहत्या घराला 1 टक्का सूट, नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. ड्युटी ॲग्रीमेंटच्या किमतीवर किंवा रेडी रेकनरवर म्हणजे सरकारी दराने येणाऱ्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर. रजिस्ट्रेशन 1 टक्का पण जास्तीत जास्त 30,000. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस (इन्कम टॅक्सची कपात) घेणाऱ्याने कापून भरायचा, ही जबाबदारी विकणाऱ्याची नाही. आणि फ्लॅट नवीन नावावर करायचा सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम 25,000 च्या वर घेता येत नाही, वरून "बिल्डिंग फंडाला देणगी द्या" म्हणणाऱ्या कमिट्या आहेत, त्यांना सरकारचं सर्क्युलर दाखवा.

आता तुमच्याकडे एक मागणं. वकिलांच्या जाहीर नोटिसा तुमच्याच पेपरात येतात, "अमुक मिळकत आमच्या अशिलाने खरेदी करण्याचे ठरविले आहे, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत" वगैरे. अक्षर इतकं बारीक की भिंग लागतं, आणि गाव, सर्व्हे नंबर, बिल्डिंगचं नाव चार ओळींच्या वाक्यात मधेच कुठेतरी. ज्याची हरकत असू शकते त्याला ती सापडतच नाही. प्रत्येक नोटिशीच्या डोक्यावर ठळक अक्षरात गाव, सर्व्हे नंबर आणि सोसायटीचं नाव छापायचा नियम तुम्ही जाहिरातदारांना घालू शकता. आणि पुरवणीत महिन्यातून एकदा तरी अर्धं पान कागदपत्रांसाठी द्या, उत्तरं द्यायला एखादा प्रॉपर्टीचा वकील बसवा, प्रश्न आमच्या एका सोसायटीतूनच पाठवू एवढे आहेत.

आपला,
एक सेक्रेटरी, सिंहगड रोड, पुणे