बॅटरीच्या काकांना उघड पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. मिशिगनमधल्या आपल्या मंडळींपैकी कुणी जुनी बोट घेतली असेल, तर त्यांच्याही कामी येईल.

आमच्या बोटीची ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासे पकडताना बोट आवाज न करता हळूहळू सरकवणारी विजेची मोटर, 24 व्होल्टची. आधीच्या मालकाने 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला लागून दुसरी अशा, जोडल्या होत्या: एक पाणी घालायची, जुनी, दुसरी एजीएम, म्हणजे पाणी न घालावी लागणारी, बंद शिशाची, जवळपास नवीकोरी. लेक सेंट क्लेअरवर वारा सुटला की मोटर दमायची. दुकानदार म्हणे, मोटरच बदला. तुम्ही म्हणालात, "आधी मीटर लावू."

मोटर बंद असताना दोन्ही मिळून 25 व्होल्टच्या वर, सगळं ठणठणीत! मग धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच तुम्ही मोटर फुल केलीत आणि एकेक बॅटरी वेगळी मोजलीत. एजीएम 12.3. जुनी 10.6, आणि आकडा घसरतच होता. "करंट दोघींतून सारखाच जाणार. एका जुवाला तरणा खोंड आणि थकलेला बैल," तुम्ही म्हणालात. जुनी आधी रिकामी होते, तरी तिच्यातून करंट ओढला जातो, आणि तिच्या सेलची प्लस-मायनस टोकं उलटी व्हायला लागतात. दोघींना मिळून एकच चार्जर लावला, तर जुनी अर्धपोटी राहते आणि नवीला जास्त होतं.

जुनीच्या जागी एकच लिथियम टाकून भागेल का, यावर तर तुम्ही वहीच काढलीत. भरलेली लिथियम 13.3 च्या आसपास, एजीएम 12.8, उतरायची चाल वेगळी, चार्जिंगही वेगळं. शिवाय लिथियम संपली की तिचा बीएमएस, म्हणजे आतला बॅटरी सांभाळणारा सर्किट बोर्ड, वीज एकदम तोडतो. मोटर भर तळ्यात बंद. म्हणून घेतल्या त्या दोन्ही लिथियम, एकाच कंपनीच्या, 100 अँपिअर-तासांच्या, एकाच दिवशी.

इंजिन सुरू करायची शिशाची बॅटरी मात्र तुम्ही बदलू दिली नाहीत. तिचं सर्किट वेगळं, चार्जरवरची बँक, म्हणजे चार्जिंगची जोडणी, वेगळी. तिथे प्रकार निराळा असला तरी काही बिघडत नाही. दुकानात हे कुणी सांगितलं नसतं, हे नक्की!

शून्य सेल्सिअसखाली लिथियम चार्ज करायची नाही, हे चार्जरवर मार्करने लिहून ठेवलंय. तुमचा पाना माझ्या डब्यात राहिलाय, रविवारी आणून देतो.

आपला,
बोटवाला शेजारी